पेशंटच्या नकळत

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ मेडिकलचं दुकान चालवलं की शिकवल्याशिवाय बऱ्याच गोष्टी कळतात. हळदीचे सौदे जोरात असले की खोकल्याची औषधं जास्त उठतात. पगाराच्या दिवशी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या जातात. आणि संध्याकाळची गर्दी ओसरत आली की एखादी बाई कडेला उभी राहते, बाकीची गिऱ्हाइकं निघून जायची वाट बघते आणि मग काउंटरवर वाकून विचारते, "डॉक्टर, ती दारू सुटायची गोळी असते बघा. जेवणातनं देता येणारी. त्यांना कळू न देता."

मी डॉक्टर नाही. फार्मसीची पदविका आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलेली. पण आमच्याकडं काउंटरमागं उभा राहील तो डॉक्टरच. आणि ही मागणी या बायकांच्या डोक्यात काही हवेतून आलेली नसते. एसटी स्टँडवर, विजेच्या खांबांवर, वडापच्या पाठीमागं सगळीकडं ती छापलेली असते: दारू सोडवा, पेशंटच्या नकळत. खाली मोबाईल नंबर. त्या डब्यातल्या पावडरीत काय असतं ते बनवणारा जाणे. पण चिठ्ठीवर मिळणारी जी खरी गोळी आहे, तिच्याबद्दल मात्र सांगितलं पाहिजे.

तिचं नाव डायसल्फिराम. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं अ‍ॅसिटेट. पहिलं विषारी, दुसरं निरुपद्रवी. ही गोळी दुसरी पायरी अडवून धरते, त्यामुळं विष रक्तात साचत जातं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. कोपनहेगनमधले हाल्ड आणि याकोबसेन हे दोघं संशोधक जंतावरचं औषध शोधत होते. गोळी स्वतःच घेऊन बघितली आणि नंतर दारू घेतल्यावर दोघांचीही तब्येत बिघडली. 1948 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि जंताचं औषध दारूचं झालं. शेवटची गोळी घेतल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

आता असं समजा, ही गोळी कुणी आमटीत कालवली. घरधन्याला पत्ता नाही. तो रोजच्यासारखा गुत्त्यावर जातो, रोजच्याएवढीच पितो. हृदय आधीच अधू असेल तर तो माणूस तिथंच जाऊ शकतो. जगला तरी त्याला वाटणार, आज माल खराब होता. उद्या दुसऱ्या दुकानात. म्हणजे जीव धोक्यात घालूनही पदरात काहीच नाही. या गोळीची खरी ताकद तिच्या रसायनात आहे त्याहून जास्त तिच्या माहितीत आहे. सकाळी बायकोसमोर, पाण्याच्या घोटाबरोबर, आपल्या राजीखुशीनं गोळी घेतलेल्या माणसाला दिवसभर ठाऊक असतं की आज प्यायलो तर मेलो. हे ठाऊक असणं म्हणजेच औषध. म्हणून डॉक्टर आधी यकृत, हृदय तपासतात, माणसाला समोर बसवून सगळं सांगतात आणि मगच चिठ्ठी लिहितात.

हे मी त्या बाईला सांगतो. तिला राग येतो. तो राग मला समजतो. समजावणं, रडणं, माहेरी जाणं, सासऱ्याला बोलावणं, पोरांची शपथ घालणं, सगळं करून झालेलं असतं. त्या माणसाशी बोलण्यासारखं तिच्याजवळ काही शिल्लकच नसतं. मग त्याला वगळूनच त्याला बरं करायचा मार्ग उरतो.

आमच्या दुकानासमोर यार्डातले एक हमाल येऊन बसतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणेन. त्यांना विचारूनच लिहितोय. "लिवा की. पर नाव नको, पोरीच्या सासरी कळंल," एवढीच अट. सासरच्यांना सगळं आधीपासून माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

अण्णा प्यायचे तेव्हा त्यांच्या सहा वाजण्यात मला घड्याळाहून जास्त नेमकेपणा दिसायचा. तोलाई संपत आली की माणूस बोलता बोलता गप्प व्हायचा. पोत्यात रुतवायचा आकडा खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळला जायचा. कुणी चहाला बोलावलं तर चिडायचे. अजून थेंब पोटात गेलेला नाही, पण अंगातली सगळी चक्रं फिरायला लागलेली. हे असं का होतं याचं चांगलं उत्तर मला माकडांवरच्या एका प्रयोगात सापडलं. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडाला आधी दिवा दाखवायचा आणि मग फळाचा रस द्यायचा असं सुरू केलं. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. काही दिवसांनी त्या रसाला उसळेनात, दिव्याला उसळायला लागल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या पेशी नेहमीच्या पातळीच्याही खाली जायच्या. सहा वाजता चहाला बोलावणाऱ्यावर अण्णा का खेकसायचे ते यात आलं. दिवा लागला होता आणि कुणीतरी रसाच्या आड येत होतं.

त्याहून विचित्र गोष्ट अण्णांनीच एकदा सांगितली होती, पीत असतानाच. "मजा बिजा काय न्हाई हो डॉक्टर आता. पयल्यांदा यायची. आता नुसतं प्यावं लागतंय." केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या दोघांनी 1993 पासून हेच मांडलंय. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. व्यसनात पहिली सुजत जाते, दुसरी सुकत जाते. घरचे म्हणतात, एवढी आवडते का रे तुला दारू, आमच्यापेक्षा? त्याला ती आवडत नसते. हा खुलासा दिलासा देणारा आहे असं कुणी समजू नये. आवड असती तर वाद घालता आला असता.

आपल्याकडं पिणाऱ्याचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद म्हणजे श्रावण. "मी श्रावण पाळतो. गणपती होईपर्यंत शिवत नाही. मग मला व्यसन कसलं?" गटारीला पोटभर घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून बंद, हे ज्याला खरोखर सहज जमतं त्याचं ठीक. पण ज्याचं अंग दारूवर पोसलंय त्याचा श्रावण घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावा. दारू मेंदूला रोज ब्रेक लावते, म्हणून मेंदू रोज जास्त अ‍ॅक्सिलरेटर देऊन तोल सांभाळायला शिकतो. ब्रेक एकदम काढला की गाडी सुसाट. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलायला येतात, ताप चढतो. यात माणसं दगावतात. गावाकडं याला बाहेरचं झालं म्हणतात, अंगारा लावतात. देवळात नेऊन शपथ घातली, खोलीत कोंडून कडी लावली, तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमिष्ट झाला आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला, 'शपथ मोडली म्हणून देव कोपला.' त्यानं शपथ पाळली म्हणूनच हे झालेलं असतं.

हे टाळणं अवघड नाही हेच वाईट. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही दिवस क्लोरडायझेपॉक्साईडसारख्या गोळ्या चढ्या प्रमाणात सुरू करून उतरवत नेतात, बी-1 जीवनसत्त्व देतात. बी-1 चं विशेष सांगतो, कारण 'अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोज लावा' ही आमच्याकडची आवडती मागणी. वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1, आधीच खडखडाट असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन. 2019 मध्ये दिल्लीच्या एम्सनं देशभराच्या पाहणीचा अहवाल दिला, त्यात दारूचं अवलंबित्व असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार किंवा मदत मिळाल्याचं आढळलं. बाकीचे सदतीस शपथेवर, पावडरीवर आणि श्रावणावर.

अण्णांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं ते फिट आल्यावरच. परत आले तेव्हा पायरीवर बसून त्यांनी पहिला चहा घेतला तो मी बघत होतो. बशीत ओतायची सवय. पण बशी ओठापर्यंत जाईना, निम्मा चहा शर्टावर. मग हॉटेलवाल्या पोरानं न विचारता स्टीलचा पेला आणून दिला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरला, कोपरं मांडीवर टेकवली आणि तोंड पेल्याकडं नेलं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस. त्यानंतर बराच काळ ते माझ्याकडून लिमलेटच्या गोळ्या न्यायचे, खिसा भरून. दारू सुटली की गोडाची ओढ लागते, डॉक्टरही त्याला फारशी हरकत घेत नाहीत. यार्डातली पोरं 'अण्णा बाळ झालं' म्हणून हसायची.

खरा प्रश्न पुढचा होता: सहा वाजता काय करायचं? दारूबंदीच्या भाषणात हा प्रश्न मी कधी ऐकला नाही.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स या बाईंनी पाहणी केली होती. तिकडं असताना पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार धास्तावलं होतं, ही फौज घरी आल्यावर काय होणार? झालं असं की व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात शंभरातले पाचच्या आसपास पुन्हा त्यात अडकले. जंगल गेलं, बंदूक गेली, ते सोबती गेले, ते तास गेले. बऱ्याच जणांची नशा त्यांच्याबरोबर गेली. हे वाचून मी खूश झालो होतो, मग अण्णांकडं बघितलं. त्यांचं व्हिएतनाम इथंच आहे. तीच पोती, तीच पाठ, तेच सोबती, आणि यार्डाच्या फाटकातून बाहेर पडलं की तेच दुकान. या मुलखात तर शेतापासूनच सगळं गुंतलेलं. उसाचा रस कारखान्यात जातो, साखर निघून मळी राहते, मळीचं स्पिरिट होतं आणि त्याची देशी. आपल्या बापानं लावलेला ऊस बाटलीतून परत येतो, त्यावर सरकारचा करही आलेला असतो. रॉबिन्सबाईंचे सैनिक विमानात बसून निसटले, अण्णांना यार्डातच राहून निसटायचं होतं.

आमच्या भागात पूर्वापार एक वाट आहे, माळेची. तुळशीची माळ घातली की दारू, मटण बंद. शपथेच्या बाबतीत मी जेवढा साशंक, तेवढा माळेच्या बाबतीत नाही, आणि मी काही भाविक माणूस नव्हे. शपथ घातली की माणूस एकटा पडतो, मोडली तरी पाळली तरी. माळ घातलेल्याला संध्याकाळी हरिपाठाला बोलावतात. नाही गेला तर घरी विचारायला येतात. एकादशीला भजन, आषाढीला दिंडी, मृदंगावर हात शिकायला लागला तर आणखी बरं. नेमक्या सहा ते नऊच्या वेळेला तिथं माणसं असतात, आणि गळ्यातली माळ बघून बाकीचे आग्रह करत नाहीत. कराडच्या बाजूला बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघानं वारकरी वळणातूनच तरुणांमध्ये हे काम केलं. माळेचं एकच वैगुण्य मला दिसतं: घसरलेला माणूस लाजेनं परत फिरकत नाही. माळ काढून खुंटीला अडकवतो.

दुसरी वाट साताऱ्याची. डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हटलं की लोकांना अंधश्रद्धा निर्मूलन आठवतं. साताऱ्यात त्यांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं हे कमी जणांच्या ध्यानात असतं. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मग मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला माणूस, त्यामुळं आम्ही सांगलीकर त्यांच्यावर थोडा हक्क सांगतो. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं. अशा जागांमुळं पिणारा माणूस हा समोर बसवून बोलण्यासारखा माणूस आहे हे महाराष्ट्राला दिसलं. याच्या उलट टोकाची केंद्रंही आहेत, नाव घेत नाही. रात्री जीप येते, चौघं जण उचलून नेतात, तिथं डोकं भादरतात, मारतात, आणि घरच्यांना सांगतात तीन महिने भेटायला येऊ नका. हेही पेशंटच्या नकळतच, फक्त पावडरीच्या ऐवजी जीप. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकारही येतात. केंद्राला नोंदणी लागते, मर्जीविरुद्ध ठेवायचं तर तपासणी आणि नियम लागतात. भरती करण्याआधी नोंदणीचा कागद मागा. देत नसतील तर परत फिरा. कुठं जावं सुचत नसेल तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे, मी तो बिलाच्या मागं लिहून देतो.

अण्णांना तिसरीच वाट सापडली, एए. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेल्या बैठका. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी कामानिमित्त आलेला बिल नावाचा एक शेअर दलाल हॉटेलात एकटा होता. धंद्याचं फिसकटलेलं, समोर बार. त्याला कळून चुकलं की आत्ता एखादा दारुडा बोलायला भेटला नाही तर आपण पिणार. फोन करत करत तो बॉब नावाच्या एका दारुड्या सर्जनपर्यंत पोचला. त्यातून हे सगळं उभं राहिलं. मला यातली गोम आवडते. बिल बॉबला सुधारायला गेला नव्हता, स्वतःची संध्याकाळ काढायला गेला होता. मीटिंगला फी नाही, साहेब नाही, आडनाव नाही. अण्णा पहिल्यांदा जाऊन आले आणि म्हणाले, "एक मास्तर हुता, एक बँकेतला हुता. मला वाटलं हमालच पितात."

तरी ते घसरले. दुःखात नाही, दिवाळीच्या बोनसच्या दिवशी, आनंदात. सगळं कसं छान चाललंय या भावनेत. यार्डात बातमी पसरली, 'शेवटी गेलाच वळणावर.' इथं मला माझ्या धंद्याचं सांगावंसं वाटतं. रक्तदाबाची निम्मी गिऱ्हाइकं बरं वाटायला लागलं की गोळी सोडतात. महिन्यानं चक्कर येऊन परत येतात, मी पुन्हा पट्टी देतो, वहीत मांडतो. त्यांना कुणी नालायक म्हणत नाही. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण शंभरात 40 ते 60 धरतात, आणि ते रक्तदाब, दमा यांच्या आसपासच आहे. फरक एवढाच की दारूवाला परत येताना सगळी गल्ली बघत असते. अण्णांना आणायला मीटिंगमधले तो मास्तर आणि बँकवाला आले होते, स्कूटरवर. काही विचारलं नाही त्यांनी. माळेपेक्षा इथं ही सोय होती.

आता वहिनींबद्दल, म्हणजे अण्णांच्या बायकोबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात कमी लिहिलं जातं ते घराबद्दल. सगळ्यांना वाटलं, अण्णांची सुटली, वहिनी सुटल्या. वहिनी उलट जास्त चिडचिड्या झाल्या. एवढी वर्षं त्यांनी पावलांच्या आवाजावरून ओळखलं होतं की आज किती झालीय. जिना चढताना चप्पल घासली की पोरांना मागच्या खोलीत धाडायचं, ताट झाकून ठेवायचं, पैसे हळदीच्या डब्याच्या बुडाशी. अण्णा शुद्धीत घरी यायला लागले तरी ही सगळी यंत्रणा चालूच. दारात आल्या आल्या वास घेणं चालूच. मीटिंगहून यायला दहा मिनिटं उशीर झाला की वहिनी कोपऱ्यापर्यंत बघून यायच्या. अण्णा वैतागायचे, "पीत न्हाई तरी संशय. मग पिलेलं काय वाईट?" हे वाक्य धोक्याचं असतं. आणि वहिनींचं काय चुकत होतं? त्यांच्याही मेंदूनं सहाचा दिवा शिकून घेतलेला होता. त्यांना तर त्यातून कधी रसही मिळाला नव्हता.

अण्णांचा यकृताचा रिपोर्ट काही आठवड्यांत सुधारला. त्यातला जीजीटीचा, म्हणजे दारूनं वाढणारा, आकडा झपाझप उतरला, तो कागद ते यार्डात दाखवत फिरले. वहिनींच्या धास्तीचा आकडा सांगणारी तपासणी कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. घरच्यांच्या बैठका असतात, अल-अ‍ॅनॉन म्हणतात त्याला, 1951 पासून आहेत. वहिनी एकदा गेल्या आणि म्हणाल्या, "प्यायचे ते, आणि मीटिंगला मी कशाला?" पुन्हा मात्र गेल्या. का, ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढं दिसलं की अण्णांच्या गोळ्या न्यायला आल्या की आता स्वतःच्या गुडघ्याचंही विचारतात. आधी कधी विचारलं नव्हतं.

हल्ली यार्डात कुणाची सोय लावायची असली की लोक अण्णांकडं येतात. अण्णा त्याच्याबरोबर मिरजेला जातात आणि येऊन माझ्याकडं कुरकुरतात, की लई खोटं बोलतंय ते, माझ्यापेक्षा बी. वहिनी त्याच्या बायकोशी बोलतात. काय बोलतात ते अण्णांनाही कळू देत नाहीत. मजुरी अजून वहिनींच्याच हातात जाते आणि कपाटाची किल्लीही त्यांच्याच कमरेला. त्यावरून मध्यंतरी घरात दोन-तीनदा वाजलं. परवा सहजच विचारलं, किल्लीचं काय झालं शेवटी? अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिच्याकडंच. माझ्याकडं आली तर हिशोब मला ठेवाय लागंल."